गोमतीच्या फळीचे खिळे

आमचा माणूस म्हंजे उकंडा भोई. पैनगंगेवर नाव चालवे, अन् माणसापक्षा नदीशीच जास्त बोले. इकडं आपला वऱ्हाड, तिकडं निजामाची मोगलाई. आमची एकुलती एक गोमती देली तिकडच्याच गावात. तिले सासरी पोचवून आला का हा नावेच्या बुडाले, ती बसे त्याच फळीले, एक लोखंडी खिळा ठोके. आमा भोयांत तशी रीतच हाय. खिळा नावेत राह्यला का लेक माहेरी वापस येते. दुसरे एखांदा ठोकतात, यानं अख्खी फळी भरवली.

त्या उन्हाळ्यात लोकल बोर्डाचा मिस्त्री वाशीमहून नाव तपासाले आला. बैलं जुतून नाव काठावर ओढली, पालथी केली. मिस्त्री हातोडीनं एकेक फळी कान देऊन वाजवत गेला. गोमतीच्या फळीवर आवाज बसला. आरी टोचली तं अर्धी आत गेली. खिळे गंजले होते, त्याईच्या भवती लाकूड सडलं होतं.

मिस्त्री भला माणूस. म्हणे, खिळे उपटून फळी बदल, मी पास करतो. नाईतं पावसाळ्यात नाव पाण्यात टाकू नको.

घाटावर दुसरी नाव नाई. गोमती पहिलटकरीन, श्रावणात बाळंतपनाले यायची होती. मी लय भांडली. म्हटलं, खिळे काय चाटता? पोरगी आनाले नाव पाह्यजे.

"खिळे उपटले तं ते वापस कशी येईन, सोजर?" एवढंच बोलला. नाव पालथीच राह्यली.

श्रावणात नदी काठोकाठ चालली. एका सकाळी पल्याडून हाक आली. गोमती उभी होती, संग जावई. तिचं पोट इथून दिसे. हा छातीवरी पाण्यात गेला, मांगं आला, परत गेला. ती 'आई' म्हणून राह्यली होती का 'बाबा', पाण्याच्या आवाजात मले समजलंच नाई. दुपारी जावई तिले घेऊन वापस गेला.

"आनलं ना तुमच्या खिळ्याईनं तिले," मी म्हटलं, "त्या काठावर."

तो नावेपाशी गेला. सांडशी दे म्हणे, आत्ताच उपटतो.

इतके दिवस मीच 'उपटा, उपटा' करत होती. पन आत्ता वापस जाताना तिची पाठ पाह्यली होती म्या. सांडशी पदराखाली दाबली.

"राहू द्या," म्हटलं. "अजून यायची हाय ते."