मशीन चुकत नाही

गायकवाड बाई वर्गाकडे पाठ करून उभ्या राहत आणि खिडकीतून खाली कोपरीचा रस्ता बघत. मागे आम्ही मुली टाइपरायटर बडवत असायचो. "नीलिमा, करंगळीला सुट्टी दिलीस का?" त्या न वळता विचारत. मी करंगळीचं अक्षर खरोखरच दुसऱ्या बोटानं मारलेलं असायचं. हे त्यांना आवाजावरून कळायचं. सांगूनही कोणाला पटत नाही, पण माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

मशीन अडकतंय अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं. "मशीन चुकत नाही. बोट चुकतं." मग आमच्या हातांवर रुमाल टाकून त्या परत खिडकीशी.

क्लास बंद झाला, मी ऑफिसला लागले. बऱ्याच वर्षांनी बाई बाळकुमला आमच्याच कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्ये भेटल्या. मुलाकडे, मिलिंदकडे, राहायला आल्या होत्या. दोन्ही हात थरथरत होते. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. "कंपवात आहे. डॉक्टर इंग्रजीत नाव सांगतात, हात मराठीतच हलतात."

आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्या लॅपटॉपवर टाइप करत होत्या. सकाळची वंदना आटोपली की तेच काम. आईला लिहिता येत नव्हतं. ओव्या होत्या त्या फक्त बाईंच्या डोक्यात. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते, भराभर उरकेल.

"नको गं. तोंडानं सांगायला गेले की दुसरी ओळ पळते. बोटं चालली की येते." जरा थांबून म्हणाल्या, "बोटं आहेत तोवर संपवायचंय."

एका रविवारी मिलिंदचा फोन आला. "ताई, आईचा कीबोर्ड मेलाय. किती बडवा, अक्षरच उमटत नाही. नवीन लॅपटॉप घेऊ का, बघा ना जरा."

बिल्डिंगमधली असली कामं माझ्याकडेच येतात. गेले. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "काही झालेलं नाही त्याला." मी लक्ष दिलं नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. उघडे पडलेले प्रोग्रॅम बंद केले. कळांमधला चुरा ब्रशनं काढला. बाहेरचा कीबोर्ड जोडला, तर तोही सुस्त. म्हणजे दोष कळांत नव्हता, सेटिंगमध्ये होता. सापडला. 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू होती. ती असली की ओझरता स्पर्श मशीन धरत नाही. कळ क्षणभर दाबून ठेवली तरच अक्षर उमटतं. मी ती बंद केली आणि दोन ओळी धडाधड मारून दाखवल्या. मिलिंद खूश.

"बसा बाई."

बाईंनी 'आई' लिहायला घेतलं. पडद्यावर आआआआ, मग शेजारची भलतीच अक्षरं, मग ईईई. बघता बघता ओळ भरली. मिलिंदचं हसू गेलं. बाईंनी उजवी करंगळी शिफ्टवर ठेवली, ती सुटू नये म्हणून वरून डाव्या हातानं दाबून धरली आणि वाट बघितली. बीप वाजलं. 'फिल्टर कीज' चालू करायच्या का, या पडद्यावर आलेल्या प्रश्नाला त्यांनी 'हो' दिलं.

"आई, तूच चालू केलेलंस?"

"विसाव्याला एकदा तिथे बोट ठेवलं, तर काहीतरी लिहून आलं. तुम्ही पोरं न वाचता पुसून टाकता. मी वाचलं." मग माझ्याकडे वळून, "आणि तुला काय शिकवलेलं गं मी?"

त्या टाइप करू लागल्या. ज्यांच्या वेगाला आमचे डोळे पुरत नसत, त्या बाई एकेका अक्षरापाशी थांबत होत्या. हात हलतच होते. कळांवर चुकीची टिचकी पडत होती, मशीन ती सोडून देत होतं, आणि बाईंनी नेटानं दाबून धरलेलं अक्षर तेवढं उमटत होतं. ओवी पूर्ण झाली. एकही चूक नव्हती. मी देवळात फारशी जात नाही. पण चपला बाहेर काढून आलेय याचं त्या दिवशी बरं वाटलं.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. ओव्यांची पुस्तिका माझ्या कपाटात आहे. शेवटची ओवी लिहून झाली तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी पूर्णविराम दिला, फाइल सेव्ह केली आणि हात उचलून मांडीवर ठेवले. ते एकदम जोरात हलू लागले. मी धरायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

हातांकडे बघून म्हणाल्या, "हला रे आता, काय हलायचं ते."