अडकलेली पुंगळी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लासुर्ण्याहून एस.टी.ने बारामतीच्या कॉलेजात येत असे. घरात कॉलेज बघितलेला मीच पहिला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी मला भीती वाटायची. तरी छात्रसेनेत नाव घातलं होतं. गोळीबारात पास झालो तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं तर पोलीसभरतीत उपयोग होतो, असं सगळे म्हणत. आईने तर मी फौजदार झालो असं गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं.

खंडेनवमीनंतर चारआठ दिवसांत इंदापूरकडच्या माळावर परीक्षा लागली. पाच गोळ्या मारायच्या. रायफल पुढची गोळी आपोआप भरणारी. आपण नुसता घोडा दाबायचा, रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते. मी पालथा झोपलो, श्वास धरला, गोळी मारली. पुन्हा घोडा दाबला तर काहीच नाही. पुंगळी अर्धी आत, अर्धी बाहेर.

आम्हाला शिकवणारे हवालदार इंदापूरचेच. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"खांद्याला घट्ट धर की! बाळ धरलंयस व्हय?"

घट्ट धरली. पुन्हा अडकली. त्यांनी मॅगझिन बदललं. पुन्हा तेच.

"लासुर्ण्याची एस.टी. हाय ती," मागून माझा मित्र म्हणाला. "उतरून ढकलावी लागतीय."

"अडकलेल्या गोळ्या पाचांत धरणार न्हाय मी," उस्ताद म्हणाले. "पर तपासणीला सायेब यायच्या आत चालली न्हाय, तर तुजी परीक्षा म्होरल्या वर्सी."

गल्लीला काय सांगायचं?

"गोळीमागचा गॅस पिस्टनला मागं ढकलतो," ते स्वतःशीच पुटपुटले. "गॅस कमी पडला की पुंगळी निघत न्हाय." त्यांनी गॅसची चकती फिरवून बघितली, फरक पडला नाही. मग रायफल रिकामी करून पिस्टन बाहेर ओढला. तो लालभडक होता. तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड थर.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी आम्ही रायफली खोलून पुसल्या होत्या. तेव्हा उस्तादच म्हणाले होते, "नुसतं वरनं कुंकू लावून भागत न्हाय. आतल्या भागांनाबी मान द्या." आणि पिस्टनचा मान त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दिला होता.

"उस्ताद," मित्र हळूच म्हणाला, "पिस्टन सवाष्ण दिसतोय."

"गप बस!" त्यांनी रुमालाने पिस्टन घासून काढला, आतली नळी साफ केली, आणि घाईत त्याच रुमालाने स्वतःचा घाम पुसला. तेवढ्यात जीप आली. कपाळभर कुंकू घेऊन उस्तादांनी साहेबांना कडक सलाम ठोकला. साहेब बघतच राहिले.

मी घोडा दाबला. पुंगळी टणकन उडाली. दुसरी, तिसरी, चौथी. उस्ताद आनंदाने वाकून बघायला लागले, आणि पाचवी गरमागरम पुंगळी त्यांच्या कॉलरमधून आत गेली.

"निघाली!" ते नाचत ओरडले. "निघाली, सायेब!"

गोळीबार संपला की सगळ्या पुंगळ्या परत द्याव्या लागत. अडकलेल्या उस्तादांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. चार मी गवतातून वेचल्या. पाचवी उस्तादांनी साहेबांसमोर शर्ट बाहेर ओढून जमा केली.

तीन गोळ्या निशाणावर लागल्या होत्या. "पास हायस," उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले. "पर म्होरल्या नवमीला नुसता नारळ फोडायचा. तोबी लांबनं."