उसवायची कात्री

शिलाईचं दुकान बंद केल्यावर काकूंचे हात शिवशिवायला लागले. त्यांची सून सागरी प्राण्यांच्या संग्रहालयात शिकवायची. तिच्या मोठ्यांसाठीच्या वर्गात काकूंनी नाव घातलं. पास होतील त्यांनाच रविवारी मुलांपुढे प्राणी उघडून दाखवायला मिळणार होते, आणि काकूंनी तेच मनात घेतलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, घरात तू हिच्या चुका काढतेस, तिथे ही तुझ्या काढेल."

"काढू दे की. फुकट नाही काढत, फी भरलीय."

शिंपल्या आणि खेकडे निभावले. मग आला माकूळ, म्हणजे मऊ पिशवीला हात फुटावेत तसा प्राणी. काकूंनी तो ट्रेमध्ये उताणा ठेवला आणि कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चालवली; कापड बेततात तशी, खालचं पातं तळाला टेकवून. आतली शाईची पिशवी फुटली. ट्रे काळा, हातमोजे काळे, चष्म्यावरही शिंतोडे. परीक्षेत असं झालं तर नापास, एवढंच सूनबाईने शांतपणे सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे निवृत्त पोस्टमास्तर उगाचच खोकले.

घरी काकूंनी बाजारातून माकूळ आणून सराव केला. दर वेळी सिंक काळं. शेवटी कात्री खाली ठेवून म्हणाल्या, जन्माची सवय आहे, हात आता वळायचा नाही, माझं नाव काढून टाक.

सूनबाई उठली. आतून आपला एक शर्ट घेऊन आली. बाही चुकलीय म्हणाली, उसवून द्या. काकूंनी छोट्या कात्रीचं टोक टाक्याखाली अलगद घातलं, वर उचललं आणि हलकेच कापलं. मग पुढचा टाका.

"टोक वर का धरता, आई?"

"खालचं कापड फाटू नये म्हणून. मीच नाही का तुला शिकवलं? नवी होतीस तेव्हा चांगले शर्ट भोसकून ठेवायचीस..."

बोलता बोलता काकूंची कात्री थांबली. सूनबाई हसू दाबत चहा टाकायला गेली.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी माकूळ कापला नाही, उसवला. टोक वर धरून, थोडं थोडं. सूनबाईने वाकून पाहिलं. कल्ले जागेवर होते, शाईची चंदेरी पिशवी अखंड होती. तिने पास लिहिलं, पण कड वाकडी गेली म्हणून दोन मार्क कापले.

मुलाला ते कळल्यावर तो बायकोवर उखडला. स्वतःच्या सासूचे मार्क कापतात का?

"तू गप्प बैस," काकू म्हणाल्या. "वाकडी कड मी तरी कधी सोडली का तिला?"