तलाव पाहायला गेलो, सत्कार पाहून आलो

हे वाचणारे बरेच जण माझ्यासारखेच पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून आधी कामाचं सांगतो. अकोटहून अमरावतीला दर्यापूरमार्गे एसटीने जाता येतं. आपल्याला तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवावं लागतं. कार्ड वरच्या खिशात ठेवा. मी ते पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. कंडक्टर डोक्यावर उभा आणि मी गोळ्यांची डबी, टॉवेल, बनियन, सगळा संसार सीटवर मांडून बसलेला. मागची बाई म्हणाली, "बाबा, दुकान लावता काय?" माणसाला लाज वाटते.

खरं म्हणजे मी जाणारच नव्हतो. घराबाहेर पडलो की गॅस बंद केला का, नळ चालू राहिला का, एवढंच मला सुचत राहतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचा, शकूचा फोन आला. ती आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे जवाईबापू, अमरावतीच्या कडेला एका तलावाच्या काठावर फुलं पिकवतात. जमीन त्यांची नाही, शहराची आहे. काठावरच्या सगळ्या माळ्यांना ती वर्षावर्षाच्या पट्ट्याने मिळते. शकू लग्न होऊन गेली तेव्हा सासू तिला तिथेच खुरपायला घेऊन गेली होती. आता शहराने एक तलाव विकास समिती नेमली आहे. काठाच्या जमिनीचं काय करायचं ते ही समिती ठरवणार. प्लॉट पाडून विकायची, की एखाद्या हॉटेलवाल्याला लांब मुदतीने द्यायची, की बगीचा करून माळ्यांनाही तिथेच राहू द्यायचं. त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सुनावणी होती.

"दादा, तू येऊन जाय," शकू म्हणाली. "तुले बोलता येते. आमी बोललो तं लोकं हासतात."

मी सातवीपर्यंत शिकलो आणि जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभा राहिलो. बोलता येतं म्हणजे भांडता येतं, एवढाच तिचा अर्थ. पण बहिणीने बोलावलं म्हटल्यावर गॅस दोनदा तपासला आणि निघालो.

दर्यापूरपर्यंत रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे कंबर मोडणारा. मागच्या सीटवर बसू नका. दिवाळी होऊन गेलेली, दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटलेला आणि सोयाबीन निघालेल्या वावरांत हरभरा नुकता वर आलेला. दर्यापूरच्या स्टँडवर गाडी बदलायची असेल तर आधी मोकळे होऊन या, नंतर गाडी थांबत नाही. मी विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "काका, वलगावपर्यंत दम धरा." मी धरला, पण सगळं लक्ष तिकडेच होतं, त्यामुळे त्या टप्प्याचं वर्णन माझ्याकडे नाही.

अमरावतीला उतरल्यावर गिला वडा खा. दह्यात बुडालेला, वरून तिखट चटणी, दात नसले तरी चालतो. स्टँडजवळच्या गाडीवर मिळाला आणि स्वस्त होता. तिथून तलावापर्यंत ऑटोवाल्याने सांगितलेल्या भाड्याच्या निम्म्यावर मी सौदा केला. उतरलो तेव्हा वाटलं, अजून कमी झाले असते.

तलाव मात्र पाहण्यासारखा आहे. मागे बुटक्या टेकड्या, पुढे पसरलेलं पाणी आणि पाण्यापासून रस्त्यापर्यंत फुलांचे वाफे. पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, झेंडू, गलांडा. संध्याकाळी पाणडुब्या बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. काठावर बायका तोडलेली फुलं ओल्या पोत्याखाली झाकत होत्या. इथे यायला तिकीट नाही, फाटक नाही, कोणी हटकत नाही. कॉलेजची दोन पोरं वाफ्याच्या कडेला उभी राहून फोटो काढत होती. शकूने त्यांना ओरडून सांगितलं, "वाफ्यात पाय नोका ठेवू रे बापू, कळ्या हायेत," आणि पुन्हा वर दोन फुलंही दिली.

जवाईबापू पारावर बसून हार ओवत होते. हार म्हणजे माझ्या मांडीएवढा जाड. पांढरी शेवंती, मध्ये झेंडूचे गोंडे, खाली पदक.

"कोणाचं लग्न आहे?" मी विचारलं.

"लग्न नाई भाऊ. उद्या सायब येऊन राहिले ना, समितीचे."

"जो माणूस तुमची जमीन काढायला येतो आहे त्याला हार?"

जवाईबापूंनी सुईतून दोरा ओढला. "काढाले नाई येऊन राहिले, इचाराले येऊन राहिले. पयल्यांदा आपल्या तलावावर येते माणूस. खाली हातानं वापस जाईन काय? आपण माळी हाओ."

मी पुढे बोललो असतो, पण शकूने डोळे मोठे केले. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला शब्दाने दुखवत नाहीत. तो वयाने लहान असला तरी जवाई असतो. मी पातोडीची भाजी आणि भाकर खाल्ली आणि गप्प राहिलो. भाजी उत्तम होती. राग आला की मला चव जास्त कळते.

सुनावणी दुसऱ्या दिवशी तलावाजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. आम्ही लवकर जाऊन पुढच्या रांगेत बसलो. थोड्या वेळाने एका पट्टेवाल्या शर्टातल्या माणसाने ती रांग पाहुण्यांची आहे म्हणून आम्हाला उठवलं. ज्यांचं ऐकायचं ते मागे आणि ज्यांनी ऐकायचं ते पुढे, पुन्हा आमच्याकडे पाठ करून. मी हे तिथे मोठ्याने म्हणालो. आजूबाजूचे हसले, बाकी काही झालं नाही.

मग सत्कार सुरू झाले. आधी मुख्य साहेबांचा, मग नकाशे काढणाऱ्यांचा, मग स्टेजवरच्या सगळ्यांचा. माईकवाला प्रत्येकाच्या आधी दोन ओळींची शायरी म्हणायचा आणि टाळ्या मागून घ्यायचा. शाल, श्रीफळ, हार. शाल, श्रीफळ, हार. हॉल थंडगार होता. मी मफलर आणला नव्हता म्हणून आधीच धास्तावलेला, त्यात समोर इतक्या शाली वाया जाताना दिसत होत्या. माईकवाला म्हणाला, आता तलावकाठचे ज्येष्ठ फूलउत्पादक साहेबांचं स्वागत करतील. जवाईबापू उठले. तो जाड हार दोन्ही हातांवर घेऊन गेले, साहेबांच्या गळ्यात घातला, हात जोडले. कोणीतरी त्यांचा खांदा धरून त्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं. ते हसले. चांगले हसले. त्यांना हार घालायला आवडतो, त्यात खोटं काही नाही.

नंतर पडद्यावर चित्रं दाखवली. तलाव होता, पण आमच्या ओळखीचा नव्हता. नावा, छत्र्या, कॉफी पिणारी गोरी माणसं, काठाला काचेच्या उंच इमारती. शकू पदर तोंडाशी धरून शोधत होती.

"दादा, आपली विहीर कोठी हाये?"

मी चष्मा पुसून पाहिलं. विहिरीच्या जागी गोल कारंजं होतं. आणि वाफ्यांच्या जागी पांढरे पट्टे मारलेल्या जागेत गाड्या उभ्या होत्या, एकाच रंगाच्या.

"पार्किंग आहे," मी म्हणालो.

"कोनाची?"

मी सुनावणीचा कागद उघडून पाहिला.

लोकांना विचारायचे म्हणून जे तीन मार्ग कागदावर होते, त्यातला फक्त इमारतींचाच पडद्यावर आला. बगिच्याचं चित्र कोणी काढलंच नव्हतं. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "एक विचारायचं आहे." माईकवाल्याने वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि भोजनाची व्यवस्था मागच्या बाजूला असल्याचं सांगितलं. सत्काराला वेळ होता. शायरीला वेळ होता. मुख्य साहेब स्टेजवरून खाली उतरताना माझ्याजवळ थांबले, हात जोडले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, आधी जेवून घ्या."

अंगावर ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. इतक्या गोडीने कोणी तोंड बंद केलं की उत्तर सापडत नाही. मागे मसालेभात आणि जिलेबी होती, आणि सगळा तलावकाठ रांगेत उभा होता. मीही उभा राहिलो. साखरेची गोळी घेऊन झाली होती, जेवणं भाग होतं. जेवलो, त्याचाही मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईने पेपर आणून दिला. जवाईबापूंचा फोटो होता, हार घालतानाचा, हसरा. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की तलावकाठच्या फूलउत्पादकांनी प्रकल्पाचं स्वागत केलं. जवाईबापूंनी पेपर लांब धरून वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग शकूकडे.

"म्या तं सायबाचं स्वागत केलं," ते म्हणाले. "प्रकल्पाचं कवा केलं?"

शकू त्यांना बोलली नाही. चहा ओतता ओतता मला म्हणाली, "दादा, तू काल अडवलं काहून नाई?" म्हणजे अडवलं तेव्हाही मीच वाईट, नाही अडवलं तेव्हाही मीच. पण तिचं खरं होतं. हार ओवताना एकदा बोललो होतो, नंतर जवाई आहेत म्हणून जीभ गिळली. आमचं वऱ्हाडी बोलणं म्हणे दगडासारखं असतं. घरातल्या माणसाशी तसं आहे. खुर्चीवरच्या माणसापुढे आम्ही लगेच मऊ होतो आणि त्याला आतिथ्य म्हणतो.

चहा तसाच ठेवून मी आणि जवाईबापू समितीच्या ऑफिसात गेलो. लेखी हरकत देता येते हे मला पेपरातच खाली बारीक अक्षरात दिसलं होतं. मी कोऱ्या कागदावर लिहिलं: जमीन विकू नका, बगीचा करा, माळ्यांना काढू नका. तीन ओळी, खाली दोघांच्या सह्या. ज्यांना कुठे अशी हरकत द्यायची असेल त्यांनी दोन प्रती न्याव्या आणि एकीवर शिक्का मारून घ्यावा. शिक्का मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

तिथला बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने हरकत वाचली, जवाईबापूंना निरखून पाहिलं आणि टेबलावरचा पेपर पुढे सरकवला.

"काका, हे तुमीच ना? काल हार घातला अन् आज हरकत? सायब म्हणतीन, म्हातारं पलटलं."

मी तोंड उघडणार होतो. जवाईबापूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हार तं आमी मयतालेही घालतो, बापू," ते म्हणाले.

बाबूने पेपर बाजूला सारला आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला.

परतीला मी अकोल्याची वाट धरली. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवरून अकोल्याला गाड्या बऱ्याच आहेत, रेल्वेला मात्र आपल्यालाही तिकीट काढावं लागतं, एसटीसारखं समजू नका. अकोल्याच्या स्टँडवर अकोटच्या गाडीची वाट पाहताना शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, न विचारता. ते म्हणाले, "तुम्हाला निदान बोलावलं तरी. जेवूही घातलं." मी त्यांच्याशी भांडलो. गाडी लागली तेव्हा त्यांनी माझी पिशवी उचलून दिली आणि मला आणखी वाईट वाटलं.

घरी आलो, गॅस बंदच होता. आता बरेच दिवस झाले. समितीने अजून काही ठरवलेलं नाही, किंवा ठरवलं असेल आणि सांगितलं नसेल. मला पाणडुब्या आठवतात, गिला वडा आठवतो, पण त्यांच्या आधी तो गोड आवाज आठवतो आणि हातातला घास तसाच राहतो. तुम्ही अमरावतीला गेलात तर हा तलाव पाहून या. पुढच्या वर्षी जा असं मी सांगणार नाही, ह्याच थंडीत जा. काठावर उभं राहायला पैसे लागत नाहीत तोवर जा.

शकूला मी फोनवर बजावलं होतं की निकाल लागेपर्यंत नवीन काही लावू नका. रोपं, खत, मजुरी, सगळं पाण्यात जाईल. दोन रात्री मला झोप नव्हती. परवा पुन्हा फोन केला तर झेंडू लावून मोकळे झालेले. मी चिडलो. शकूने फोन नवऱ्याकडे दिला, मी त्यांच्यावर चिडू शकत नाही हे तिला माहीत आहे.

"भाऊ, तुमी फिकर नोका करू," जवाईबापू म्हणाले. "यंदा झेंडूचे तासं जरा दूर दूर धरले. मोजणीवाले आले तं त्यायले पाय ठेवाले जागा पायजे ना."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.