आबांची कवळी आणि माझे ट्रे

चाळिशी उलटल्यावर दात सरळ करायला घेतले, ते हौस म्हणून नव्हे. खालचे दात एकमेकांवर चढले होते, ब्रश पोचत नव्हता, हिरड्यांतून रक्त यायचं. लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पारदर्शक ट्रे सुचवले. जेवताना काढायचे, एरवी रात्रंदिवस तोंडात. थोड्या थोड्या दिवसांनी पुढचा ट्रे, आधीच्यापेक्षा जरासा वेगळा. तो दात ढकलत नेतो.

नवा ट्रे घातला की जबडा ठणकायचा. मी पवनानगरजवळच्या शाळेत शिकवते. शेवटच्या तासापर्यंत कडा लागून जीभ सोललेली असायची, ‘स’ निसटायचा. मग मी बोलायचं टाळून फळ्यावर लिहीत बसायची. घरी आल्यावर भाकरीचा तुकडा मोडायचंही जिवावर यायचं.

त्याच सुमारास सासऱ्यांनी, आबांनी, कवळी बसवली होती. त्यामुळे आम्हा दोघांचं जेवण सारखंच असायचं, मऊ भात नाहीतर आमटीत कुस्करलेली भाकरी. एके दिवशी पाहिलं तर आबा बोळक्या तोंडानंच जेवत होते.

“आबा, कवळी कुठंय?”

“आसंल तितं फडताळात. टोचती. तू बी काढून ठिव की. कोन बघतंय?”

त्या दिवशी मी इतकी दमले होते की खरंच ट्रे काढून ठेवला. दुसऱ्या दिवशीही घातला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बसवायला गेले तर बसेना. ट्रे दाबून बसवायला डॉक्टरीणबाईंनी दिलेली रबरी नळी दातांत धरून चावत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी एका बाजूनं तो वरच राहिला. आबा चहाचा कप हातात धरून बघत होते.

“लय दुखतंय व्हय?”

मी नुसती मान हलवली.

“चल मग त्या बाईकडं. मी बी येतो.”

शाळेत रजा कळवली. कामशेतपर्यंत जीप, पुढं एसटी.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. दोन दिवसांत दात परत सरकलेत म्हणून काही दिवस मागचाच ट्रे घालायला सांगितला आणि त्याची टोचणारी कड घासून दिली. मग आबांचं तोंड पाहिलं. हिरडीवर चांगली जखम झाली होती.

“आबा, एवढं होईपर्यंत कुणाला बोलला नाहीत?”

“सून शाळंतनं दमून येती. तिचंच तोंड दुखतंय. तिला आनखी काय सांगायचं?”

मी शेजारीच उभी होते. एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून इतके दिवस जेवलो आम्ही, आणि कुठं टोचतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

कवळी आतून घासून दिली. जखम भरेपर्यंत घालू नका, म्हणाल्या. परतताना स्टँडवर केळी घेतली, बाकावर बसून खाल्ली. आबांनी माझ्यासाठी एक सोलून दिलं.

आता आबा कवळी घालतात, पण जेवणापुरतीच. माझे निम्म्याहून जास्त ट्रे अजून व्हायचेत. कंटाळा येतो, दुखतंही. नवा ट्रे आला की शाळेतून मी नेहमीपेक्षा उशिरानं, पाय ओढत येते. अशा दिवशी आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, “आज नवा व्हय?” आणि मी हो म्हटलं की स्वतःच कुकरला भात लावतात, पाणी जरा जास्त घालून.