मिसरीला कुणी तंबाखू म्हणतं व्हय?

गिरिजाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळे त्यांना आक्का म्हणतात. तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला आमचं ओटीच्या सामानाचं दुकान हाय. आक्का कधी आत बसल्याच न्हाईत. रस्त्यावर उभं राहून हाक मारायच्या, आणि सोलापूरच्या गाडीतनं उतरलेली माणसं सरळ आमच्याकडं यायची. शेजारचे दुकानदार म्हणायचे, ह्या बाईनं आमचं गिऱ्हाईक नुसत्या गळ्यावर पळवलं.

दोन वर्षांमागं नवरात्रात त्यांच्या घशात कफ अडकल्यागत व्हायला लागलं. दिवसभर खाकरायच्या, पडत काहीच न्हवतं. गावातल्या डॉक्टरनं पित्त वर येतंय म्हणून चहा आणि तिखट बंद केलं. धाराशिवच्या डॉक्टरनं धुळीची ॲलर्जी सांगितली. तेही पटलं, दिवसभर कुंकवाच्या ढिगाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तिसऱ्यानं सर्दी नाकातनं घशात उतरतीय म्हणून फवारा दिला. तिघांनीही विचारलं, तंबाखू, गुटखा काही खाता का? तिन्ही वेळा म्याच पुढं होऊन ठसक्यात सांगितलं, आमच्या घरातल्या बायका तसलं काही खात न्हाईत.

मिसरी मात्र आमच्या घरात सासूबाईंपासनं. बाजारातनं तंबाखू आणायची, तव्यावर काळी होस्तवर भाजायची, बारीक चुरायची. ते काम माझं. आक्का उठल्या की घासायच्या, जेवल्या की घासायच्या, हात रिकामा झाला की घासायच्या. घसा धरल्यापासनं तर म्हणायच्या, मिसरी लावली की जरा मोकळं वाटतं. मग म्या जास्त भाजायला लागले. लई सेवा केली म्या!

यंदाच्या उन्हाळ्यात आवाज बसला, भाकरीचा घास उतरेना. तेव्हा सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच्या डॉक्टरांचे कागद वाचले, तोंडात बत्ती मारली, काळ्या पडलेल्या हिरड्या बघितल्या.

"दात कशानं घासता?"

"मिसरीनं," आक्का म्हणाल्या.

"मग तंबाखू नाही म्हणून का सांगितलं?"

"बाई, त्यांनी खाता का विचारलं. मिसरी कुणी खातं व्हय? ती दाताला लावायची असती."

डॉक्टरीणबाई हसल्या न्हाईत. घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरची गाठ निघाली, तीही पसरलेली. वर्षभर आधी आला असता तर आवाज राखता आला असता, म्हणाल्या. जीव वाचवायला स्वरयंत्रच काढावं लागलं. आता आक्कांच्या गळ्याला भोक हाय, श्वास तिथनंच चालतो. दुकानासमोरनं माणसं जातात आणि त्या आत बसून बघत राहतात. मला ते बघवत न्हाय. तीनदा म्याच न्हाय म्हणाले होते.

घरी आल्या त्या दिवशी त्यांनी भाजायचा तवा उकिरड्यावर टाकला. मग माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, हिरड्या बघितल्या, आणि माझा हात धरून आपल्या गळ्याला लावला. म्या तिथंच मिसरी सोडायची अंबाबाईची शपथ घेतली.

मागच्या मंगळवारी न्हाणीत दार लावून म्या गुपचूप मिसरी घासली. वीस वर्षांची सवय, मेली सुटत न्हाय. बाहेर आले तर आक्का दारातच. नाकातनं श्वासच न्हाय, म्हणून वास त्यांना आता येत न्हाय, पण माझ्या बोटाचं काळं पेर दिसलं. त्यांनी ते बोट आपल्या पदरानं पुसलं, पुसतच राहिल्या, आणि रडायला लागल्या. रडण्याचाही आवाज आला न्हाय.