वाजलं तरी येऊ नका

ती घटना आठवली की इतक्या वर्षांनी आजही माझं तोंड कडू होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं आणि घरी येऊन निमूट जेवलोही. पनवेलच्या त्या साध्या घरफोडीनं मात्र जो राग डोक्यात गेला, तो अजून पुरता उतरलेला नाही. नावं कुणाचीच सांगत नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पनवेलला फौजदार होतो. रेल्वेच्या पलीकडे नवीन पनवेलच्या वसाहती भराभर उभ्या राहत होत्या. मुंबईत जागा न परवडणारी नोकरदार माणसं तिथं येत होती. नवरा-बायको दोघंही पहाटे बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परतायचे. दिवसभर इमारतीत म्हातारी माणसं, कामवाल्या आणि कुलपं.

अशाच एका इमारतीतले गृहस्थ एका सकाळी ठाण्यात आले. मोठ्या कंपनीत हिशेबनीस, कपडे कडक इस्त्रीचे. गौरी-गणपतीला सहकुटुंब गावी गेले होते. परत येऊन पाहतात तर कपाट रिकामं. बायकोचं मंगळसूत्र सोडून सगळे दागिने गेले, देवघरातली चांदीची भांडीही गेली. दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं.

ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहायला घेतली. संशय कुणावर, असं विचारताच गृहस्थांनी क्षणाचाही विलंब न लावता समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव सांगितलं.

या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणायची. जवळच्याच एका गावच्या, शेती आणि मिठागरं करणाऱ्या घरातल्या. जमीन नव्या शहरात गेली, मोबदल्यात आलेल्या पैशांतून नवऱ्यानं हा फ्लॅट घेतला आणि नंतर लवकरच नवराही वारला. पोटासाठी मावशींनी पाळणाघर सुरू केलं. शाळेतून दुपारी परतणारी मुलंही त्यांच्याकडेच थांबायची, त्यामुळे निम्म्या इमारतीच्या चाव्या त्यांच्या देवघराशेजारी खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. कुणाचा गॅस यायचा, कुणाचा पाहुणा यायचा, कुणी गावी जायचं. मावशी दार उघडायच्या आणि लावायच्या. या गृहस्थांची मुलगी तर रांगत होती तेव्हापासून त्यांच्याच मांडीवर वाढलेली.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. दारावर एक करड्या रंगाची पेटी दिसली. तिच्यावर लाल दिवा, खाली इंग्रजी अक्षरांत कंपनीचं नाव. विचारलं तर गृहस्थ जरा चाचरले. पावसाळ्याच्या आधी दोन टायवाले तरुण दारोदार फिरत आले होते. घरात कुणी शिरलं की भोंगा वाजणार, टेलिफोनच्या तारेतून त्यांच्या कंट्रोल रूमला खबर जाणार, त्यांचा माणूस धावत येणार आणि गरज पडली तर तिथून थेट पोलीस ठाण्यात संदेश जाणार. आमच्या ठाण्यात तेव्हा जो फोन होता तो चार थेंब पडले की मुका व्हायचा. आमच्या ठाण्याशी कुणी तार जोडली असती तर ते आधी मलाच कळलं असतं.

मी पेटी उघडायला लावली. आत बॅटरी, एक भोंगा, एक बल्ब. टेलिफोनची म्हणून जी तार भिंतीतून बाहेर गेली होती, ती मीटरच्या खोक्यामागे चिकटपट्टी गुंडाळून सोडून दिलेली होती.

"या माणसांकडे तुमच्या घराची चावी होती का?" मी विचारलं.

होती, म्हणाले. कंपनीचा नियमच तसा होता. मावशींकडची चावी परत घेऊन त्यांनीच ती कंपनीच्या माणसाला दिली होती. त्यानं ती पाकिटात घालून, त्यांच्यासमोर लाखेची मोहोर लावून नेली. गावाला जाताना फक्त कंपनीला कळवायचं, बाकी दूधवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कुणालाही सांगायचं नाही, हाही नियम होता. गृहस्थांनी तो पाळला होता.

कुठं पाणी मुरतंय ते मला त्याच क्षणी कळलं. शाळकरी पोरालाही कळलं असतं. पण गृहस्थ हटून बसले. कंपनी रीतसर आहे, पावती आहे, ती माणसं किती सुशिक्षित बोलत होती, आणि मावशींकडे चावी इतकी वर्षं होती, बाजारात दुसरी करून घ्यायला कितीसा वेळ लागतो! मी पुष्कळ समजावलं. नोकरीत एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. शिकलेल्या माणसाला आपण फसलो हे कबूल करणं फार जड जातं. त्यापेक्षा त्याला शेजारीण चोर निघालेली चालते.

त्यांनी तेवढ्यावरच थांबायचं ना. मी जीप नेली नाही, मावशींना ठाण्यात बोलावलं नाही, साध्या वेशात महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी जबाब घ्यायला गेलो. पण फिर्यादीत काय लिहिलंय ते गृहस्थांनी आधीच मजल्यामजल्यावर सांगून ठेवलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा एक बाई आपली चावी न्यायला आली होती. दुसरं कुलूप आणलंय म्हणाली आणि मावशींच्या डोळ्याला डोळा न देता निघून गेली.

मावशी शांतपणे बोलल्या. गणपतीच्या दिवसांत एका दुपारी मुलं झोपली असताना समोरचा भोंगा कोकलायला लागला. सगळी पोरं दचकून उठली, रडारड झाली. एक पोर कडेवर घेऊन त्या दारात आल्या. वरखालची माणसंही डोकावली. समोर जायला कुणी धजलं नाही, कारण पेटी बसवली तेव्हा गृहस्थांनी सगळ्यांना बजावलं होतं.

"ते बोललेले, मावशी, वाजलं तरी येऊ नका. आता तुमाला तरास नाय. आमची मानसं येतील," मावशी म्हणाल्या. "आनि मानूस आला पन. कंपनीचा शर्ट, गळ्यात बिल्ला. चावी लावून आत गेला नि भोंगा बंद केला. माजा जीव भांड्यात पडला. वायर तपासतो बोलला, दार लोटून बराच टाइम आत होता. बाहेर आला तवा घामानं भिजलेला. मी पानी दिलं त्याला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपण चोराला पाणी पाजलं हे त्यांना जबाब देता देताच उमगलं. त्या एकदम उठल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन आम्हाला दोघांना पाणी घेऊन आल्या.

कंपनीचं कार्यालय जुन्या पनवेलमध्ये एका गाळ्यात होतं. शटर बंद. कंट्रोल रूमचा म्हणून दिलेला फोन नंबर शेजारच्या एसटीडी बूथचा निघाला. बूथवाला निरोप घेऊन ठेवायचा आणि त्याबद्दल त्याला महिन्याला काही मिळायचं. कुणाचं घर कधी बंद राहणार ते माणसं स्वतःहून फोन करून त्याला सांगत होती.

पुढचे काही दिवस आम्ही लॉज, धर्मशाळा पालथ्या घातल्या. दरम्यान मावशींच्या पाळणाघरातली मुलं एकेक करून गळत होती. कुणाची आजी अचानक राहायला आली, कुणाच्या आईनं रजा घेतली. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. तोंडावर बोलले असते तर मावशींनी उत्तर तरी दिलं असतं. त्यांचं पोट त्या मुलांवर होतं आणि मुलं त्यांच्या नावावर येत होती. चोर लवकर सापडला नाही तर ही बाई रस्त्यावर येणार, हे मला दिसत होतं.

टीप मिळाली ती कळंबोलीहून. लोखंड बाजाराजवळच्या ट्रक टर्मिनलवर चहाची टपरी चालवणारा एकजण अधूनमधून आमच्या हवालदारांना खबर द्यायचा. टायवाले दोघे तिथल्या एका खोलीत उतरले होते, त्यांच्याकडे करड्या पेट्यांचे खोके होते आणि इंदूरकडे जाणाऱ्या ट्रकची ते चौकशी करत होते. ट्रकमध्ये माल चढतानाच आम्ही त्यांना उचललं. खोक्यांत पेट्या होत्या आणि पेट्यांच्या आत दागिने.

कोठडीतला माणूस आधी नाकारतो, मग रडतो. विक्रेता असेल तर शेवटी फुशारकी मारतो. त्यातला थोरला, जो शर्ट-बिल्ला घालून गेला होता, तो दुसऱ्याच दिवशी पोपटासारखा बोलू लागला. एकाच वसाहतीतली अनेक घरं त्यानं सांगितली. त्यातल्या बहुतेकांनी लाजेपायी तक्रारच दिली नव्हती.

मी त्याला विचारलं, चावी होती, घर रिकामं आहे हे माहीत होतं, मग भोंगा वाजू कशाला दिलास?

"मुद्दाम दिला, साहेब. दार उघडलं, भोंगा सुरू झाला तसं परत लावून घेतलं आणि खाली उतरून पानपट्टीवर उभा राहिलो. थोड्या वेळानं बिल्ला लावून वर गेलो. गुपचूप शिरलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, कोण तुम्ही. भोंगा बंद करायला आलेल्याला कुणी विचारत नाही. उलट पाणी देतात."

आणि एवढी माणसं चावी देतात कशी, असं मी विचारलं, तर तो हसला.

"पेटीबद्दल आम्ही फार बोलायचोच नाही. घरात शिरलो की पहिला प्रश्न, चावी कुणाकडे ठेवता? शेजारी, म्हणायचे. मग आम्ही नुसतं एकमेकांकडे बघायचो. एक शब्द बोलायचो नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक सही करायचं."

कुणाच्या कानाखाली वाजवायची इच्छा मला क्वचितच झाली. त्या दिवशी झाली, पण ती त्याच्यासाठी नव्हती.

तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. सारख्या बांध्याच्या माणसांच्या रांगेतून मावशी संथपणे गेल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या. नियमाप्रमाणे त्यांनी खांद्याला हात लावला आणि विचारलं, "पानी मीच दिलेलं ना रे तुला?" त्यानं मान खाली घातली.

त्या दिवशी ठाण्यात परतल्यावर मी गृहस्थांना बोलावून घेतलं. म्हटलं, सोसायटीची बैठक बोलवा आणि चार माणसांत सांगा की मावशींचा काही संबंध नाही. ते म्हणाले, मी कुठे त्यांना चोर म्हणालो, पोलिसांनी संशय विचारला म्हणून सांगितला. म्हणजे खापर आमच्यावर फोडून मोकळे. त्यांच्या दारावरची पेटी तेवढी तशीच होती. मी विचारलं तर म्हणाले, राहू द्या साहेब, लाल दिवा दिसला की चोर तेवढाच बिचकतो.

त्यांची बायको मात्र एका संध्याकाळी चावी घेऊन मावशींकडे गेली. साक्षीचं सांगायला मी तिथंच आलो होतो. ती रडली आणि तिनं चावी पुढे केली. मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुज्याकडंच ठेव, बाय," त्या म्हणाल्या. "मला चोराची भीती नाय. चावीची वाटते."

पाळणाघर पुन्हा भरलं नाही. पोरांना तोवर दुसरीकडे सवय झाली होती, असं सगळ्यांनी सांगितलं. फ्लॅट विकून मावशी विचुंब्याला भावाकडे राहायला गेल्या.

खटला उभा राहिला तेव्हा त्या साक्षीला आल्या. आरोपीच्या वकिलानं त्यांना उलटतपासणीत टोचलं, अनोळखी माणसाला पाणी कशाला दिलंत? मावशी म्हणाल्या, "दारात आलेल्याला पानी नाय इचारायचं तर काय इचारायचं?" न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पुढे दोघांना शिक्षा झाली. दागिने फिर्यादीला परत मिळाले आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

साक्ष संपल्यावर आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. फिर्यादी आपल्या वकिलाशी हसत बोलत आमच्या समोरून गेले. मावशींना त्यांनी पाहिलं, नक्की पाहिलं, आणि घड्याळ बघत जिना उतरले. मावशी ते गेट ओलांडेपर्यंत तिकडे बघत राहिल्या.

नोकरीनं मला एवढं शिकवलं की चोरीचा माल शोधून परत देता येतो, संशय घेणाऱ्यावर मात्र कुठलंही कलम लागत नाही. इमारतीच्या ज्या माणसांनी खिळ्यांवरून एकेक चावी उतरवून नेली, त्यांच्यापैकी एकालाही मी आरोपपत्रात घालू शकलो नाही. ते सगळे सभ्य होते. आजही रस्त्यात भेटले तर मला नमस्कार करतात आणि मलाही हात जोडावे लागतात.

त्या दिवशी व्हरांड्यात मी मावशींना म्हणालो, निदान एक शब्द तरी बोलायला हवा होता त्यांनी तुमच्याशी.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या चोरानं पानी पिऊन गलास हातात दिला ना साहेब, तवा 'थँक्यू मावशी' बोललेला," त्या म्हणाल्या. "यांची पोर मी सांबाळली."